घरच्या एक्सरसाइज बाईकवर खरंच दम निघतो का? घाम मोजू नका, पाढे म्हणा

प्रश्न थोडक्यात असा. वय ४३, राहणार दहिसर, नोकरी परळला, दिवसभर खुर्चीत. चार महिन्यांपूर्वी घरी मॅग्नेटिक एक्सरसाइज बाईक घेतली. रोज रात्री मालिका बघत ४५ मिनिटं चालवता, पायडल घट्ट-सैल करणारा नॉब ८ पैकी २ वर, कारण ३ वर नेला की गुडघ्याची वाटी दुखते. टी-शर्ट पिळून काढावा लागतो, मीटर ५०० कॅलरी दाखवतं. तरीही स्टेशनच्या पुलाचे जिने चढलात की धाप लागते आणि वजन जेमतेम किलोभर उतरलंय. शेवटी तुम्ही विचारलंय, "हिच्यावर दमवणारा व्यायाम होतो तरी का, की विकून टाकू?"

विकू नका, निदान इतक्यात नाही. मी सतरा वर्षं इनडोअर सायकलिंग शिकवते. आधी जिममध्ये वर्ग घ्यायचे, आता बहुतेक लोकांच्या घरी जाऊन. तुमच्यासारखी तक्रार महिन्यातून दोनदा तरी ऐकते. चार महिन्यांत तुम्ही या बाईककडे काही मागितलेलंच नाही. मागितलं नाहीत कारण गुडघा दुखतो, आणि माझ्या अंदाजाने गुडघा दुखतो कारण सीट खाली आहे. हे सगळं तुमच्या लक्षात आलं नाही, कारण घाम आणि मीटर दोघंही रोज रात्री "छान चाललंय" म्हणत होते. गाठ सोडवायची तर याच क्रमानं, पण उलट्या टोकाकडून.

त्याआधी एक अट. तुम्हाला बीपी, शुगर आहे का, घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. यातलं काहीही असेल, किंवा जिने चढताना धापेबरोबर छातीत दाब, जबड्यात वा डाव्या हातात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी असं काही होत असेल, तर पुढचं वाचून ठेवा, पण बाईकवर बसण्याआधी डॉक्टरांकडे जा. ते बहुधा ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट सांगतील. तसं काही नसलं तरी चाळिशी उलटलेल्या आणि बरीच वर्षं बसून काढलेल्या माणसानं जोरकस व्यायामाआधी एकदा तपासून घ्यावं, असं माझं मत आहे. आणि बीपीसाठी मेटोप्रोलोल किंवा अटेनोलोलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल, तर नाडीचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. ती गोळी नाडी फारशी वर जाऊ देत नाही. तुम्ही फक्त श्वासावर चालायचं.

आता घाम. मुंबईत घाम ही मेहनतीची पावती नाही, हवेची आहे. घाम नुसता निघाल्यानं शरीर थंड होत नाही, तो वाळला की थंड होतं. पावसाळ्यात हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. मग शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, आणि पायांचं काम तेवढंच असताना हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात. मी नवखी असताना एका जिमचा एसी ऐन मे महिन्यात आठवडाभर बंद पडला होता. त्याच वर्गात, त्याच नॉबवर सगळ्यांच्या नाड्या दहा-पंधरानं वर. मी मनात खूश, म्हटलं आज काय मस्त क्लास झाला. तिसऱ्या दिवशी एक जण बाईकवरून उतरताना चक्कर येऊन भिंतीला टेकला, तेव्हा माझे डोळे उघडले.

रस्त्यावर सायकल चालवताना वारा आपोआप लागतो. घरात सायकल जागची हलत नाही, म्हणून वारा आणावा लागतो. छतावरचा पंखा पुरत नाही. टेबल फॅन समोर, छातीच्या उंचीवर, पूर्ण वेगात. "पंखा लावला तर घाम येणार नाही," असं मला बरेच जण म्हणतात. तेच तर हवंय. अंग थंड राहिलं तर पाय जास्त काम करतील.

मीटरचा हिशेब मात्र करून दाखवते, कारण तुमच्या वजनाचं कोडं त्यात आहे. पायांनी पायडलवर टाकलेली ताकद वॅटमध्ये मोजतात. २ नंबरवर मालिका बघता बघता साधारण ६० वॅट पडत असावेत. ४५ मिनिटं म्हणजे २७०० सेकंद, गुणिले ६०, झाले १६२ किलोजूल. माणसाचं शरीर खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोहोचवतं, बाकीची उष्णता होते. एक कॅलरी, म्हणजे मीटरवरची, सव्वाचार किलोजूलच्या आसपास. ही दोन्ही गणितं एकमेकांना जवळजवळ कापतात, म्हणून पायडलवरचे किलोजूल आणि खर्च झालेल्या कॅलरी हे आकडे जवळपास सारखेच येतात. तुमच्या १६२ किलोजूलला १६० ते २०० कॅलरी धरा. खरोखर ५०० जाळायच्या तर ४५ मिनिटं सलग १८५ वॅटच्या आसपास मारावे लागतील, आणि ते करताना मालिकेत कोण कुणाची सून हे तुम्हाला सांगता येणार नाही. घरगुती बाईकच्या मीटरला बऱ्याचदा तुमचं वजनही ठाऊक नसतं, ते फेऱ्यांवरून ठोकून देतं. त्या आकड्याच्या भरवशावर रात्री दोन घास जास्त जात असतील तर वजन हलणार कसं? वजनाचा निकाल मुख्यतः ताटात लागतो, त्यात मी इथे शिरत नाही.

आता सीट. उद्या सकाळी घरातल्या कुणाला तरी शेजारी उभं करा. चप्पल न घालता सीटवर बसा आणि टाच पायडलवर ठेवून ते अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. गुडघा वाकलेलाच राहिला तर सीट वर करा, एकेका भोकानं. मग बूट घालून चवडा पायडलवर ठेवा, म्हणजे खालच्या टोकाला गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा हलका बाक उरेल. सीट पुढे-मागे सरकत असेल तर पायडल आडवे असताना पुढच्या गुडघ्याची वाटी पायडलच्या दांड्याच्या साधारण वर यावी.

सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो. वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. नॉब घट्ट केला की दाब वाढतो, दुखतं, आणि माणूस नॉब पुन्हा सैल करतो. तुमचं हेच झालंय असं मला वाटतं. पुढून दुखलं तर सीट खाली किंवा फार पुढे, गुडघ्याच्या मागे ओढलं तर सीट फार वर, असा माझा ढोबळ ठोकताळा. आमच्याकडे लोक सीट खालीच ठेवतात, कारण बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकले की बरं वाटतं. पण ही सायकल सिग्नलला थांबत नाही. पाय टेकायची गरजच काय?

सीट बदलल्यावर चार-पाच दिवस २ नंबरवरच हलकं चालवा. वाटीची कुरकुर थांबली तर पुढे चला. नाही थांबली तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा, माझं ऐकून रेटू नका.

आता मागणीकडे. सायकलवरचं काम म्हणजे पायाचा जोर गुणिले फेऱ्या. नॉब सैल ठेवून पाय भराभर फिरवले तर फेऱ्या भरपूर, जोर शून्याच्या आसपास. जड चाक स्वतःच्या वेगानं फिरत राहतं आणि पाय त्याच्याबरोबर नुसते फिरून येतात. बघणाऱ्याला वाटतं काय जोरात चाललंय! फेऱ्या मोजायला मीटर नको. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा आणि १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा, गुणिले चार. २० वेळा आला तर मिनिटाला ८०. सपाट रस्त्यासारखं चालवायचं तर ८० ते ९०, चढासारखं चालवायचं तर ६० ते ६५. ६० च्या खाली गेलात तर नॉब जास्त घट्ट आहे. १०० च्या वर सीटवर ढुंगण उडायला लागलं तर फार सैल.

किती घट्ट, हे मी नंबरवर सांगू शकत नाही. प्रत्येक कंपनीचा ५ नंबर वेगळा. म्हणून पाढे.

ही युक्ती माझी नाही. गिरगावात एका काकूंकडे मी जायचे, वय ५८, निवृत्त शिक्षिका. बाईक गॅलरीत, तिच्या हँडलवर बाराही महिने टॉवेल वाळत असायचा. मी त्यांना सांगितलं, व्यायाम करताना बोलता येतं का ते बघा. त्या म्हणाल्या, "एकटी काय बोलू? वेडी म्हणतील." आणि बाराचा पाढा सुरू केला. नॉब सैल असताना बारा एके बारापासून शेवटपर्यंत एका लयीत गेल्या. मी नॉब दोन वळणं फिरवला, तर "बारा त्रिक छत्तीस" झाल्यावर श्वास, मग पुढचे दोन, पुन्हा श्वास. आणखी वळवला. "बारा सक..." आणि नुसता हात हलवला. बहात्तर पुढच्या श्वासाबरोबर आलं. त्या दिवसापासून मी सगळ्यांना हेच शिकवते. पाढा सलग म्हणता आला तर हलका व्यायाम. दोन-तीन ओळींनी श्वास लागला तर मध्यम. एक ओळ धड पुरी होत नसेल तर जोरकस. नाडी बघायचीच असेल तर तुमच्या वयाला कमाल ठोके १७८ च्या आसपास धरा. २२० वजा वय काढा की २०८ मधून वयाचा ०.७ पट वजा करा, चाळिशीत दोन्ही सूत्रं जवळजवळ एकच उत्तर देतात. पण प्रत्यक्षात माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, म्हणून माझा भरवसा पाढ्यावर जास्त. हँडलवरच्या धातूच्या पट्ट्या धरून दिसणारी नाडी तर सोडूनच द्या. छातीचा पट्टा असेल तर उत्तम.

म्हणजे आत्तापर्यंत पंखा समोर, सीट वर, नॉब पाढा तुटेपर्यंत घट्ट. आता आठवडा कसा लावायचा ते.

रोज ४५ मिनिटं एकाच लयीत चालवणं ही तुमची दुसरी चूक, पहिलीइतकीच मोठी. रोज तेच केल्यावर शरीर त्याला सरावतं आणि बदलायचं थांबतं. आठवड्यातून दोन दिवस खरोखर जोरकस, मध्ये किमान एक दिवस मोकळा किंवा हलका. आणखी दोन दिवस इतकं हलकं की पाढा काय, फोनवर गप्पा माराव्यात. मालिका त्या दोन दिवसांत बघा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगते. दोन्हींचं मिश्रण चालतं.

पहिले दोन आठवडे जोरकस दिवशी एवढंच करा. दहा मिनिटं हळूहळू चढवत वॉर्म-अप. मग एक मिनिट जोर, दोन मिनिटं सैल, असं सहा वेळा. शेवटी पाच मिनिटं निवांत. वाचायला पोरकट वाटेल, चौथ्या फेरीत वाटणार नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून यातल्या एका दिवशी चार मिनिटं जोर आणि तीन मिनिटं सैल, चार वेळा. ही पद्धत नॉर्वेतल्या संशोधकांनी रुजवली, जोराच्या टप्प्यात कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्के नाडी धरून. तुमच्यासाठी म्हणजे १६० च्या पुढे, पण सुरुवातीला १५० लाही मी समाधानी असेन. चारच मिनिटं का? कारण जोर लावल्या लावल्या शरीराची प्राणवायूची ओढ लगेच शिगेला पोहोचत नाही, दीड-दोन मिनिटं जातात. एक मिनिटाच्या फेऱ्यांत तिथे पोहोचता पोहोचताच थांबायची वेळ होते. चार मिनिटांत उरलेली दोन मिनिटं हृदय-फुप्फुसं खरी राबतात. सापळाही इथेच आहे. पहिलं मिनिट सोपं जातं, माणूस चेकाळून नॉब वाढवतो आणि तिसऱ्या मिनिटाला ढेपाळतो. चौथी फेरी पहिलीसारखीच निभेल एवढाच नॉब ठेवा. पहिल्याच दिवशी चारही जमल्या नाहीत तर तीन करा, कुणी हिशेब मागायला येत नाही.

दुसऱ्या जोरकस दिवसाला मी "घाट" म्हणते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, त्यावरून. नॉब जड, फेऱ्या ६० ते ६५, सहा मिनिटं सलग, मग चार मिनिटं सैल. असे तीन घाट. इथे पाढा दोन ओळींवर तुटावा, पूर्ण बंद पडू नये. खांदे सोडलेले, हँडलवर बोटं नुसती टेकलेली. हँडल आवळून धरलंत तर पायांचं ओझं हातांवर जातं. काही आठवड्यांनी सहाची आठ मिनिटं करा. स्टेशनच्या जिन्याशी सगळ्यात जवळचं नातं याच व्यायामाचं आहे, कारण जिन्यावर पायांना हाच हळू आणि जड जोर लागतो. मात्र घाटात सीटवरून उठून उभं राहायचं नाही. जिममधली जड स्पिन बाईक त्यासाठी बनवलेली असते, घरगुती हलकी मॅग्नेटिक बाईक नसते. उभ्यानं जोर दिला की ती डुलते, क्वचित कलंडतेही. आणि तुमच्या ओळखीत कुणाकडे स्पिन बाईक असेल तर सांगून ठेवा, त्यातल्या बऱ्याच बाईकवर चाक आणि पायडल एकत्रच फिरतात. पाय अचानक थांबवायला गेलं की चाक पायाला ओढून नेतं. थांबायचं तर नॉब दाबून ब्रेक लावायचा.

'टबाटा' करू का, असा पुढचा प्रश्न येतोच. १९९६ साली इझुमी टबाटा या जपानी संशोधकानं प्रसिद्ध केलेला तो प्रयोग खरोखर सायकलवरच झाला होता. २० सेकंद जोर, १० सेकंद थांबा, सात-आठ वेळा. पण करणारे होते खेळणारे तरुण, आणि जोर असा की सात-आठ फेऱ्यांतच पाय हरतील. मोबाईलवर जे वीस-वीस मिनिटांचं 'टबाटा' चालतं ते काहीही असो, ते नव्हे. मी तो पहिल्यांदा स्वतः केला, दुपारच्या जेवणानंतर तासाभरात. पुढचा अर्धा तास जिमच्या बाथरूमच्या थंड फरशीवर बसून काढला. तुम्ही सध्या त्या वाटेला जाऊ नका. बारा आठवड्यांनी बघू.

तुम्ही रात्री जेवणाआधी करता की नंतर, हे लिहिलेलं नाही. जोरकस दिवशी पोटभर जेवल्यावर किमान दोन तास जाऊ द्या. पण रात्री दहा-साडेदहाला असा व्यायाम केला तर काहींची झोप उडते. परळहून दहिसर गाठेपर्यंत तुमचा जीव अर्धा झालेला असणार, म्हणून जोरकस दिवसांतला एक रविवारी सकाळी ठेवा. शेवटची पाच मिनिटं सैल चालवणं कधीही गाळू नका. जोराचा व्यायाम झटकन थांबवून उतरलं की पायांत गेलेलं रक्त तिथेच साचतं आणि डोकं गरगरतं. पाणी शेजारी ठेवा, फार घाम येणाऱ्यांनी चिमूटभर मिठाचं लिंबूपाणी. उतरल्यावर बाईकही कोरड्या फडक्यानं पुसा. खारट घाम आणि आपली समुद्राकाठची हवा मिळून नॉबखालचा स्क्रू एका पावसाळ्यात गंजवतात, मग नॉब फिरेनासा होतो आणि लोक मेकॅनिक शोधत बसतात.

सुधारणा होतेय का, हे वजनकाट्यावर बघू नका. दर तीन आठवड्यांनी एकदा, शक्यतो त्याच वेळी, तोच पंखा, तोच नॉब, मिनिटाला ८० फेऱ्या, वीस मिनिटं चालवा. शेवटी पाढा कुठे तुटतो आणि नाडी किती आहे, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. तेवढ्याच कामाला नाडी हळूहळू कमी लागली पाहिजे. सहा आठवड्यांत हा आकडा जागचा हलला नाही तर इथेच लिहा, सोबत सीटचं भोक कितवं, नॉब किती आणि फेऱ्या किती हेही. त्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही.

आणि खाली जाड रबरी मॅट घाला. घाटाच्या दिवशी बाईकची घरघर खालच्या मजल्यावर पोहोचते, आणि सोसायटीचं पत्र आलं की लोक सगळ्यात आधी बाईकच बंद करतात.